लॅपटॉप काहून आला नाही

जबलपूर,
तुळशीच्या लग्नानंतरचा मंगळवार

तीर्थस्वरूप बेबीताईस,

तुझा धाकटा भाऊ नीलकंठ याचा नमस्कार. साष्टांग लिहीत नाही, काहून की कंबर धरून बसली आहे आणि खोटं लिहायची मला सवय नाही. भाऊजींचा गुडघा कसा आहे? तेल चोळून राहिले की बाटली नुसती खिडकीत ठेवली आहे? तुझं बीपी? आजची गोळी घेतली नसशील तर आधी घे, खुर्चीत बस आणि मग पुढे वाच. फोन काहून नाही केला म्हणशील, तर फोनवर तू मला दुसरं वाक्य बोलू देत नाहीस, आणि इकडे विनता (म्हणजे माझी बायको, पण अलीकडे ती विरोधी पार्टीत गेली आहे) भाजी निवडायच्या निमित्ताने जवळ येऊन बसते. पत्रात मी बोलणार आणि तू ऐकणार. जन्मात एकदा तरी हे होऊ दे.

इकडची खुशाली विचारू नको. खुशाली नाही. मी संतापलेलो आहे, जेवताना संतापलेला असतो, आंघोळीला जाताना संतापलेला असतो, आणि याला कारण माझी स्वतःची मुलगी. तू अकोल्याच्या पाहुण्यांना काय सांगून ठेवलंस, की आमची प्रतिमा सी.ए.च्या ऑफिसात काम करते, स्वतःच्या लॅपटॉपवर. मुलगा बँकेत आहे, घरचं चांगलं आहे, महिनाअखेरच्या रविवारी ते मुलगी बघायला जबलपूरला येणार, सगळं ठरलं. (मुलाची आई तुला म्हणाली ना, की नोकरी चालेल, पण लग्नानंतर आम्ही सांगू तेव्हा सोडावी लागेल. तेव्हा मी म्हटलं, ठीकच आहे.) तर ताई, आता ऐक. ऑफिस नाही. लॅपटॉप नाही. घरात आहे डीजे. दिवाणाच्या शेजारी, जिथे आपल्या आईचं शिवणयंत्र होतं, तिथे दोन काळे स्पीकर उभे आहेत, आणि आल्यागेल्याला मला सांगावं लागतं की हे फ्रिज नाहीत. तू मुलींच्या शाळेत शिकवत होतीस, तुझ्या नुसत्या खाकरण्याने वर्ग चूप होत होता. तर तू प्रतिमाला फोन करून एकदा चांगली झाप. माझं ती ऐकत नाही.

झालं कसं ते सुरुवातीपासून सांगतो, म्हणजे चूक कोणाची ते तूच ठरवशील (माझी नाही). जूनमध्ये मी फॅक्टरीतून रिटायर झालो हे तुला माहीत आहे. सारी नोकरी परचेस सेक्शनमध्ये गेली. खिळे घ्यायचे असोत की क्रेन, पद्धत एकच. कोटेशनं मागवायची, अटी तपासायच्या, अटीत बसणाऱ्यांत जो सगळ्यात स्वस्त तो एल-वन, आणि ऑर्डर एल-वनलाच. कोणी साहेब आला, साहेबाचा साडू आला, मी कधी अट मोडली नाही. मिळालेल्या पैशातून पन्नास हजार प्रतिमासाठी बाजूला काढले. त्यावर एक पैसा नाही, काहून की बाकीचा पैसा घराचं छत आणि तिचं लग्न यासाठी राखून ठेवलेला आहे. विजय नगरातल्या एका सी.ए.ने तिला ठेवून घ्यायचं कबूल केलं होतं, फक्त लॅपटॉप स्वतःचा आणायचा. (म्हणजे कामगाराने हातोडा घरून आणायचा. आमच्या इथे असं कोणी म्हटलं असतं तर युनियनने गेट बंद केलं असतं. पण चलो, जमाना तसा आहे.) मी म्हटलं, बेटा, लॅपटॉप घेऊ. तर बी.कॉम. झालेली पोट्टी मला म्हणते, बाबा, मला डीजेचा सेट पाहिजे.

हे खूळ गेल्या कोजागिरीचं. आमच्या मंडळात दरवर्षी बायका भुलाबाई बसवतात. टाळ्या वाजवत गाणी म्हणायची, खिरापत ओळखायची, दूध प्यायचं आणि घरी यायचं, इतका साधा कार्यक्रम. गेल्या वर्षी प्रतिमाने मंडळाच्या स्पीकरला आपला मोबाइल जोडला आणि त्या गाण्यांच्या खाली ढोल घातला. झालं! ज्या बायका गुडघ्याचं कारण सांगून फक्त खिरापतीच्या वेळेला येतात त्या पदर खोचून नाचल्या. विनता नाचली! आमच्या लग्नाच्या वरातीत मी विनवून थकलो तेव्हा जिने पायाचा अंगठा हलवला नव्हता, ती नाचली. तेव्हापासून कोणाची हळद असो, कोणाचं डोहाळजेवण असो, बायका प्रतिमाला बोलावतात. सामान ती भाड्याने आणते, आणि भाडं चुकवून हाती उरतात ते रिक्षाचे पैसे. बायका म्हणतात, डीजे पोरगी असली की आम्हाला संकोच नाही. अच्छा! त्यांना संकोच नाही, पण मला आहे ना! बापाने जन्मभर मान खाली घालून नोकरी केली आणि मुलीला लोक 'ऐ डीजे' म्हणून हाक मारणार, हे मी कसं सहन करू, तूच सांग.

पावसाळाभर घरात हाच विषय चालला. मी ओरडलो, विनता ओरडली, शेजारी खिडक्या लावून घेऊ लागले. प्रतिमा मात्र ओरडली नाही, आणि तिथेच माझी पंचाईत झाली. भांडली असती तर मी जिंकलो असतो. ती म्हणाली, "ठीक है बाबा, जो आप बोलो," आणि उठून भात टाकायला गेली. (मराठी ती समजते सगळी, पण रुसली की हिंदीत जाते.) घरात ती दिवसभर काही ना काही गुणगुणत असते, ते बंद झालं. मला जेवण गोड लागेना. म्हणून मी म्हटलं, बापाची जबरदस्ती नको, न्याय होऊ दे. टेंडर काढू. कमिटीत तीन माणसं, मी, विनता आणि शेजारचा शालिग्राम. शालिग्राम आमच्याच फॅक्टरीत इन्स्पेक्शनला होता. एका बोल्टचा आटा वाकडा निघाला तर अख्खा ट्रक परत पाठवणारा माणूस, घरची पोळीसुद्धा उलटून पाहून खातो. अटी मी लिहिल्या. आता तुझ्यापासून काय लपवायचं, त्या मी लॅपटॉपच्याच मापाने लिहिल्या. परचेसमध्ये हे सगळ्यांना येतं, मी आजवर केलं नव्हतं एवढंच. किंमत सगळं धरून सांगावी, मागाहून जादा मागू नये. वस्तू घरी आणून चालवून दाखवावी (दुकानदार इतकं धूड घेऊन जिने चढणार नाही, असा माझा हिशेब). आणि वस्तूपासून तीन महिन्यांच्या आत उत्पन्न सुरू व्हावं. मला वाटलं, आता डीजे दाराबाहेरच थांबतो.

ताई, मी इतक्या वर्षांत इतका फसलो नाही! लॅपटॉपवाल्याने कोटेशनमध्ये खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की बॅग वेगळी, अँटिव्हायरस वेगळा, आणि माल दाखवायला येथे नाही, ऑर्डर दिल्यावर इंदूरहून येईल. उत्पन्नाचं विचारावं तर तो सी.ए. म्हणाला की पहिले सहा महिने शिकाऊ, पगाराचं मग पाहू. शालिग्रामने चष्मा नाकावर खाली ओढून तिन्ही अटींसमोर लाल फुली मारली. आणि तो बडा फुहाऱ्याच्या बाजारातला डीजेवाला! स्टँड, वायरी, पिशवी सगळं धरून पन्नासच्या आत किंमत लिहिली, आणि रविवारी सकाळी घामाघूम होऊन सगळं सामान वर चढवलं, आमच्या जेवणाच्या टेबलावर मांडलं आणि चालू करून दाखवलं. प्रतिमाने तर नोव्हेंबरातल्या एका हळदीचं अॅडव्हान्स घेतलेलं होतं, तेही तिने कमिटीसमोर ठेवलं. शालिग्रामने एकेका भागाला हात लावून पाहिला आणि खाली लिहिलं, 'सर्व भाग तपासले, समाधानकारक.' लायक कोटेशन एकच उरलं, म्हणजे तेच एल-वन. मी विनताकडे पाहिलं. ती म्हणाली, घरचंच तर टेंडर आहे, फाडून टाका ना, कोण विचारतो? मुद्दामच म्हणाली बरं का, ती मला ओळखून आहे. मी सही केली. माझ्या हातून टेंडर फाडलं गेलं नाही, इतकाच माझा गुन्हा.

दसऱ्याला सामान आणलं. ई-रिक्षातून एक स्पीकर मी उतरवला, आणि कंबर त्याच दिवशी धरली. (दुसरा शालिग्रामने उतरवला, त्याला काही झालं नाही. इन्स्पेक्शनवाल्यांनी जन्मभर काही उचललेलंच नसतं, त्यांचे सांधे नवेच असतात.) मी कितीही रागात असलो तरी दसरा तो दसरा. पाटावर माझा पाना, पक्कड, विनताची कात्री, आणि शेजारी ते डीजेचं यंत्र, दोन गोल चकत्या आणि मधे बटणंच बटणं. सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं, झेंडू घातला, आपट्याची पानं ठेवली, नारळ फोडला. विनता म्हणाली, आता वाजव. प्रतिमाने बटण दाबलं. दिवे लागले, लाल, निळे, हिरवे. आवाज नाही. मी म्हटलं, वाजव ना! तर ती माझ्या तोंडाकडे बघून राहिली आणि मला विचारते, बाबा, लॅपटॉप कुठे आहे?

कोणता लॅपटॉप? तर ताई, त्या यंत्रात गाणं नसतंच! गाणी लॅपटॉपमध्ये असतात, यंत्र नुसतं ती फिरवतं, आणि मोबाइल त्याला चालत नाही. त्या रविवारी दुकानदाराने दाखवलं तेव्हा टेबलावर एक लॅपटॉप होता, आणि तो सेटचाच भाग आहे असं आम्ही तिघं धरून चाललो. शालिग्रामने तर त्याचं झाकण उघडमीट करून पाहिलं होतं! मी तसाच, कपाळाला कुंकू, बडा फुहाऱ्याला गेलो आणि दुकानात जो आवाज चढवला की समोरच्या कपड्याच्या दुकानातलं गिऱ्हाईक बाहेर आलं. तो बिचारा शांतपणे म्हणाला, "अंकलजी, वो तो मेरा खुद का है, कोटेशन देख लीजिए." मी कोटेशन पाहिलं. खरंच नव्हतं लिहिलेलं. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांची कोटेशनं उलटीपालटी करून वाचली त्याला स्वतःच्या घरच्या कोटेशनमध्ये काय नाही हे दिसलं नाही. त्याने मला पाणी दिलं, खोव्याची जलेबी मागवली. मी खाल्ली, पण रागातच खाल्ली. घरी येऊन प्रतिमाला म्हटलं, तुला माहीत होतं तर बोलली काहून नाही? तर म्हणते, मला वाटलं तुम्ही लॅपटॉपही घेऊन राहिले, तुम्ही परचेसवाले, तुम्हाला तर सगळंच माहीत असणार!

पैसे संपले. कोटेशनं, कमिटी आणि तपासणी यात इतका वेळ गेला होता की त्या सी.ए.ने दुसरी मुलगी ठेवून घेतली (तिच्याकडे लॅपटॉप होता). म्हणजे जिकडे जावं तिकडे लॅपटॉपच पाहिजे, आणि आम्ही तोच सोडून सगळं घेतलं! विनता दोन दिवस पदर तोंडाला लावून हसत होती. मला विचारशील तर यात हसण्यासारखं काही नाही.

आता परवाचं सांगतो आणि संपवतो. अॅडव्हान्स घेतलेली ती हळद आली. मोठ्या घरची, मंडप लावलेला, सकाळी अकराचा कार्यक्रम. शालिग्रामला टोचणी लागलेली, त्याने आपल्या सुनेचा लॅपटॉप दिवसापुरता मागून दिला. (ती शाळेत शिकवते, तिचे पेपर त्यात आहेत. तिने देताना जो चेहरा केला तो मी विसरणार नाही, पुन्हा मागायची सोय नाही.) मी बरोबर गेलो. काही हौस नव्हती, मुलीला एकटी कशी पाठवायची म्हणून गेलो आणि मागच्या खुर्चीवर तोंड पाडून बसलो. बायका नाचत होत्या, हळद उडत होती, माझ्या पांढऱ्या शर्टाची वाट लागली. तेवढ्यात नवरीचे फूफाजी, म्हणजे आत्याचे यजमान, उठले. या हिंदीवाल्यांच्या लग्नात फूफाजी म्हणजे काय प्रकरण असतं तुला माहीत नाही, सकाळपासून कोणी आपल्याला विचारलं नाही म्हणून ते पेटलेलेच असतात. ते सरळ स्टेजवर चढून प्रतिमाच्या टेबलाशी उभे राहिले, "ऐ डीजे, हमारा वाला लगा," म्हणाले आणि थेट यंत्रावर हात घालून बटणं फिरवायला लागले. मी खुर्चीवरून अर्धा उठलो. कंबरेत कळ आली तरी उठलो.

प्रतिमाने सगळा आवाज बंद केला. एकदम. अख्खा मंडप चूप. आणि ती हळूच म्हणाली, ओरडली नाही बरं का, भात टाकायला जाताना बोलते तशीच बोलली, "फूफाजी, आप नीचे जाइए. फिर बजेगा." त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. कोणी हललं नाही. तिनेही यंत्रावरचा हात काढला नाही आणि मानही खाली घातली नाही. शेवटी नवरीची आजी, म्हणजे फूफाजींची सासू, खालून कडाडली, "उतरो ना लाला, काहे खड़े हो!" आणि तो एवढा दांडगा माणूस उतरला. मग तिने गाणं लावलं, आणि त्यांचंच लावलं.

ताई, मी तसाच अर्धा उठलेला कितीतरी वेळ उभा होतो. माझ्या टेबलावर साहेबांनी हात ठेवले, फाइली सरकवल्या, मला नावाने न बोलावता 'ऐ परचेस' म्हणाले. मी अट मोडली नाही हे खरं. पण 'हात उचला' असंही मी कधी कोणाला म्हटलं नाही. 'बघतो साहेब' म्हणत राहिलो आणि घरी येऊन विनतावर ओरडलो. मला त्या मंडपात इतका राग आला, इतका राग आला, की डोळ्यांत पाणी आलं. लोकांना सांगितलं, हळद गेली.

असो. एकूण काय, पोट्टी हाताबाहेर गेली आहे. माझा संताप तसाच आहे. बाकी काय लिहू, तू थोरली आहेस, तुझं ती ऐकेल, तेव्हा फोन कर आणि तिला चांगली झाप. भाऊजींना नमस्कार, त्यांच्या गुडघ्याला विश्रांती.

तुझा संतापलेला भाऊ,
नीलकंठ

ता. क. : तुमच्या विष्णूने मागच्या दिवाळीला भाऊजींना जो लॅपटॉप घेऊन दिला, तो तुमच्याकडे टीव्हीशेजारी विणलेल्या रुमालाखाली पडून आहे आणि त्यावर तू कुंड्या ठेवतेस, असं विष्णूच रडत रडत मला सांगत होता. भाऊजी तो उघडत नाहीत. तर तो रुमालासकट पाठव. पोराने बापाला दिलेली वस्तू मागताना लाज वाटते, पण पुढच्या वर्षी तिच्या कमाईतून भाऊजींना नवा येईल, असं प्रतिमा म्हणते. मी म्हणत नाही, ती म्हणते.

पुन्हा ता. क. : तिला झापू नको. हळदीच्या शेवटी तिने भुलाबाईचं गाणं लावलं, त्यात आवाज तुझा होता. मागच्या खेपेला तू स्वयंपाकघरात गुणगुणत होतीस तेव्हा तिने मोबाइलमध्ये भरून घेतलं होतं, मला माहीत नव्हतं. तू गात होतीस, खाली ढोल, आणि आजूबाजूच्या अनोळखी हिंदीवाल्या बायका तुझ्या आवाजावर नाचत होत्या. एका म्हातारीने मला विचारलं, ये कौन गा रही है? मी म्हटलं, माझी बहीण. सूर तुझा दुसऱ्या ओळीला थोडा चढतो, पण ढोलात खपून जातो.

शेवटचं ता. क. : अकोल्याच्या लोकांना खरं काय ते कळव. बायोडेटात मी माझ्या हाताने नोकरी खोडून 'डीजे' लिहिलं आहे. त्या मुलाच्या आईला विचार, 'आम्ही सांगू तेव्हा सोडावी लागेल' म्हणजे कोण सांगणार आणि काहून सांगणार? आणि महिनाअखेरच्या रविवारी बघण्याचा कार्यक्रम होणार नाही, त्या दिवशी तिला दुसरी हळद आहे आणि वायरी धरायला मला जायचं आहे. त्यांना यायचंच असेल तर मंडपात यावं, मागे भरपूर खुर्च्या असतात, बसून आरामात मुलगी बघावी. फक्त टेबलाजवळ कोणी यायचं नाही. मुलाच्या आईनेसुद्धा नाही.